तिसरी खिडकी

खाली घसरण्यात पहिला नंबर यावा आणि घरादाराने त्याचा अभिमान मिरवावा, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. झुळूकच्या बाबांच्या वाट्याला ते आलं होतं आणि त्यांनी ते चाळीसेक वर्षं मनसोक्त उपभोगलं होतं.

त्याचं असं, की चक्रीवादळाची ताकद मोजतात ती त्याच्या पोटात, अगदी मध्यभागी, हवेचा दाब किती खाली उतरला यावरून. दाब जितका कमी, तितकं वादळ जबर. गावासमोरच्या समुद्रात आजवर झालेल्या सगळ्यांत तीव्र वादळांची हवामान खात्याने क्रमवारी लावलेली होती, आणि तिच्यात सगळ्यांत वर जे बसलं होतं त्याला सगळा गाव 'मोठं वादळ' म्हणायचा. त्याच्या पोटातला दाब एका जिवंत माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. तो माणूस म्हणजे बाबा. तेव्हा ते दीपगृहावर नोकरीला होते, बिऱ्हाडही तिथेच होतं. दिवा पेटवायचा, भिंगं पुसायची आणि ठरलेल्या वेळी भिंतीवरचा बॅरोमीटर वाचून आकडा मोठ्या कचेरीला कळवायचा, हे त्यांचं काम.

तेव्हापासून गावाने त्यांचं नावच बदलून टाकलं. समोरचा न्हावी दुकानातून ओरडायचा, "काय नंबर एक, आज दाढी करायची का?" पोस्टमन म्हणायचा, "नंबर एक, सही करा." दातांच्या डॉक्टरकडेही त्यांना त्याच नावाने आत बोलावत. बाबा आधी खोटंखोटं रागवायचे आणि मग पुढच्या हाकेची वाट बघायचे. मात्र त्या वादळाने किनाऱ्यालगतची घरांची एक अख्खी ओळ धुऊन नेली होती, आणि तिचा विषय निघाला की बाबा नंबर मिरवायचे नाहीत. "नंबर वादळाचा," ते म्हणायचे, "माणसांचा नाही."

आईला या नंबराचं कौतुक नव्हतं असं नाही, पण नवऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर फार काळ बसू देणं तिच्या तत्त्वात बसत नसे. "सगळ्यांत खाली गेलेल्याला पहिला नंबर देणारं खातं जगात एकच असेल," ती म्हणायची. "आमच्या शाळेत अशांना बाकावर उभं करायचे."

आणि झुळूक? वादळाच्याच वर्षी जन्मली आणि रडायची अशी, की शेजारी तिला वावटळ म्हणू लागले. बाबांना ते खपलं नाही. "वावटळ कसली, झुळूक आहे माझी," ते म्हणाले, आणि तेच नाव चिकटलं. तीच झुळूक आता त्याच हवामान खात्यात चक्रीवादळं बघायची. अजून आईबाबांजवळच राहायची आणि अजून बाबांच्या ताटातली कुरकुरीत कड पळवायची. चाळिशी ओलांडली म्हणून काही सवयी सुटत नाहीत.

या हंगामात समुद्रात एक वादळ झालं. कचेरीत त्याला 'धाकटं' म्हणू लागले, कारण मोठ्यानंतर इतकं जबर दुसरं कोणी पाहिलं नव्हतं. ते कुठे वळणार आणि कधी धडकणार, हा अंदाज झुळूकचा. किनारा वेळेवर रिकामा झाला. छपरं उडाली, झाडं पडली, पण माणसं सगळी वाचली. समुद्रात तरंगत ठेवलेल्या यंत्राने धाकट्याच्या पोटातला दाब टिपला, तो मोठ्यापेक्षा फक्त दोन मिलीबारने जास्त निघाला. म्हणजे धाकटं दुसऱ्या नंबरावर.

"वडिलांचं पहिलं, मुलीचं दुसरं!" उपग्रहाची चित्रं बघणारा सहकारी म्हणाला. "सोनं-चांदी दोन्ही एकाच घरात. आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?"

झुळूक हसली. तिला ते मनापासून आवडलं होतं. बाबांच्या पाठोपाठ, अर्धं पाऊल मागे, तिला लहानपणापासून तिथेच चालायची सवय होती.

मग रविवार आला. तिघं जेवायला बसली होती. महिनाअखेरीस क्रमवारीची बैठक होती आणि झुळूक त्याबद्दल सांगत होती.

"बैठकीत करता काय तुम्ही? नुसता चहा पिता?" आईने विचारलं.

"जुने आकडे परत तपासतो. यंत्र कुठलं होतं, नीट चालत होतं का, किती उंचीवर टांगलं होतं. मोठ्या वादळाचं काही नाही म्हणा. ते सरळ आहे. खालची खोली, भिंतीवरचा खिळा, ठरलेली जागा."

"भिंतीवर?" आई हसली. "अगं, भिंत पाण्यात होती. यंत्र माझ्या मांडीवर होतं. असा वळ उठला होता त्याच्या कडेचा, आठवडाभर बसता येईना."

झुळूकचा घास हातातच राहिला. "पण आकडा घेतल्यावर तुम्ही वर पळालात ना?"

"आधी पळालो, मग आकडा. पाणी उंबऱ्याच्या आत आल्यावर आकडे कोण बघत बसतं? हे म्हणाले, 'यंत्र तू घे, पोर मी घेतो.' टॉवेलात गुंडाळलं आणि चढले जिना. पोर त्यांच्याकडे, सरकारी मालमत्ता माझ्याकडे."

ही गोष्ट झुळूकने जन्मभर ऐकली होती. वादळ आलं, पाणी आलं, बाबांनी आकडा घेतला, आम्ही वर पळालो. कधी आकडा आधी यायचा, कधी पळणं. आई गोष्टीतले प्रसंग मिठासारखे हाताला येतील तसे टाकायची, आणि चव तीच लागायची म्हणून कोणी क्रम विचारला नव्हता.

आज मात्र तो क्रम नेमका चुकीच्या बाईच्या कानावर पडला होता. वर चढावं तसा हवेचा दाब कमी होत जातो, वादळ असो वा नसो. साधारण तीन मजले चढलं की एक मिलीबार गेला. बाबांनी जिन्यावरून वाचलेला आकडा मोठ्या कचेरीने खालच्या खोलीतला समजून जमा केला होता. म्हणजे मोठं वादळ होतं त्याहून जबर दिसत होतं. किती, ते बाबा किती उंचीवर होते त्यावर ठरणार. सहा मजल्यांच्या वर असतील, तर दोनहून जास्त मिलीबार परत करावे लागणार, आणि मोठं वादळ दुसरं होणार. आणि पहिलं होणार धाकटं. तिचं.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. ते हिशेब करताना नेहमी छताकडे बघायचे. इतकी वर्षं त्यांच्याही डोक्यात ही गोष्ट आली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्वच्छ दिसत होतं. वादळानंतर महिनाभर ते लोकांना ढिगाऱ्यातून काढत होते, आणि पुढे कोणी विचारलंही नव्हतं. आता त्यांचा हिशेब पुरा झाला. त्यांनी मान खाली घातली आणि आमटी वाढून घेतली.

दोघंही मूग गिळून बसली. एक दिवस, दोन दिवस. आईला कळेना. "दोघांच्या जिभेला एकदम काय झालंय? माझ्या मांडीबद्दल बोलले ते इतकं लागलं का?"

झुळूक कचेरीत जायची, पडद्यावर मोठ्या वादळाचा आकडा उघडायची आणि बंद करायची. गप्प बसणं सोपं होतं. कागदावर कुठे काही नव्हतं, आईच्या मांडीवरचा वळ कधीच गेला होता. आणि बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? लोक काय म्हणतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. बापाला ओढलं आणि स्वतः वर चढली. लोक म्हणोत बापडे, लोकांचं काय. पण न्हाव्याने हाक मारायची कुणाला? त्या दोन शब्दांसाठी सकाळी कॉलर नीट करून खिडकीत उभं राहणारं माणूस तिने रोज पाहिलं होतं.

बुधवारी सकाळी समोरून हाक आली, "काय नंबर एक, आज दिसला नाहीत!" बाबांनी उठून खिडकी लावून घेतली. थंडीही नव्हती आणि वाराही नव्हता. झुळूक चहाचा कप घेऊन दारात उभी होती, ती तशीच मागे फिरली.

शनिवारी ती उठली तेव्हा बाबा कॅनव्हासचे बूट घालून खुर्चीत बसले होते. दीपगृहाची नोकरी सुटल्यापासून ते बूट माळ्यावर होते.

"तुमच्या कचेरीत ते खिशात मावणारं यंत्र असतं ना, दाबाचं?" ते म्हणाले. "ते घे. आपण जिना चढून येऊ."

"बाबा, तुमचे गुडघे."

"गुडघ्यांना मी विचारलंय. ते हो म्हणालेत."

"ते कधी हो म्हणाले?" आई आतून आली. "रात्रभर तर कण्हत होते. थांबा, मीही येते. तुम्ही दोघं मिळून काय लपवताय ते मला बघायचंय."

वाटेत तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मी तोंड बंद ठेवलं असतं तर यांचा नंबर राहिला असता."

"तू तोंड बंद ठेवलंस तर वादळंच थांबतील," बाबा म्हणाले, आणि आठवड्याभरात पहिल्यांदा तिघं हसली.

दीपगृहाचा दिवा आता आपोआप लागायचा. पहारेकऱ्याने बाबांना ओळखून कुलूप काढलं. खालच्या खोलीत झाडू आणि रंगाचे रिकामे डबे ठेवले होते, पण भिंतीवर तो खिळा अजून होता. झुळूकने खिशातलं यंत्र खिळ्याजवळ धरलं आणि आकडा शून्यावर आणला. आता वर चढताना दाब किती उतरला ते यंत्र स्वतःच सांगणार होतं.

आई खालीच पायरीवर बसली. "कुठल्या खिडकीत बसलो होतो ते मला विचारू नका. मला तेव्हा नुसतं पाणी दिसत होतं. हे मात्र विसरायचे नाहीत."

गोल गोल जिना. मध्ये मध्ये भिंतीत खोल खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीपाशी बसता येईल इतका रुंद कट्टा. बाबा एक हात कठड्यावर आणि एक हात झुळूकच्या खांद्यावर ठेवून चढत होते. पहिली खिडकी आली. बाबा न थांबता पुढे गेले. झुळूक यंत्राकडे बघत होती. एक मिलीबार झाला. सव्वा झाला. दीड झाला.

दुसऱ्या खिडकीशी बाबांनी बसकण मारली. श्वास भात्यासारखा चालला होता. झुळूकने यंत्र बघितलं. दोनला अजून थोडं कमी होतं. इथे आकडा घेतला असेल, तर बाबा अजून पहिलेच होते, केसाने का होईना.

"हीच ना बाबा?" ती म्हणाली.

बाबांनी कट्ट्यावरून हात फिरवला. खिडकीतून बाहेर पाहिलं.

"हीच असणार," झुळूक घाईने म्हणाली. "आई मांडीवर यंत्र घेऊन बसली, म्हणजे कट्टा हवा. कट्टा इथे आहे. आणि तुम्ही मला घेऊन याच्या वर कसे चढणार? पुरे आता. तुम्हाला दम लागलाय."

"हीच लिहायची म्हणतेस?"

"मी लिहिते. कोण विचारायला येतंय?"

आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. बाबांनाही कळलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. लहानपणी त्यांच्या डब्यात तिने आपली लाडकी गोळी लपवून ठेवली होती, ती सापडली तेव्हा पाहिलं होतं तसं.

"हात दे," ते म्हणाले. "उठव मला."

"बाबा, नको ना."

"अजून वर."

तिने हात दिला. पुढच्या पायऱ्या त्यांनी फार सावकाश चढल्या. झुळूकने यंत्र खिशात टाकलं. आता त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, आणि तसंही डोळे भरून आल्यावर आकडे दिसत नाहीत.

तिसऱ्या खिडकीशी बाबा थांबले. बसले नाहीत. कट्ट्याच्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवून उभे राहिले. श्वास जागेवर येईपर्यंत दोघं समुद्राकडे बघत राहिली.

"खालच्या खिडकीत आपण थांबलो होतो, ते तू बरोबर ओळखलंस," ते म्हणाले. "तिथे तू बेंबीच्या देठापासून रडत होतीस. वारा असा होता, की तुझं रडणं मला ऐकू येत नव्हतं, नुसतं छातीला लागत होतं. तुला खाली ठेवणार कुठे? आईकडे द्यावं तर तिच्याकडे यंत्र. हात मोकळा होईना, आणि पाणी तर जिन्यात शिरलं होतं. म्हणून चढत राहिलो. इथे पाय ठेवला आणि वारा थांबला. एकदम. दार लावल्यासारखा. भर दुपारचं ऊन या खिडकीतून आत आलं. वादळाचा डोळा आपल्या डोक्यावर आला होता. आणि तू झोपलीस. रडता रडता मान टाकलीस माझ्या खांद्यावर, इथे."

त्यांनी खांदा दाखवला, जणू खूण राहिली असावी.

"तेव्हा कुठे माझे हात सुटले. आई या कोपऱ्यात बसली. तिच्या एका मांडीवर यंत्र, दुसऱ्या मांडीवर तू. मी वाकून आकडा घेतला. बॅरोमीटर वाचण्याआधी काचेवर टिचकी मारायची असते, माहीत आहे ना? काटा अडकला असेल तर सुटतो. मी ती मारली नाही. म्हटलं, उठायची. तेवढी चूक तू तुझ्या नावावर मांडून घे."

झुळूकला हसू आलं आणि ते अर्ध्यावर मोडलं.

"त्यानंतर मला काय मिळालं, नंबर मिळाला, हारतुरे मिळाले, ते सगळं आवडलं मला. खोटं कशाला बोलू? अजून आवडतं. पण त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण तिघंही जाणार. मग तू झोपलीस, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की निभावतंय. ते या खिडकीत वाटलं, झुळूक. ती जागा मी एक खिडकी खाली कशी आणू?"

तिने बाबांच्या खांद्यावर, त्यांनी दाखवला होता तिथे, डोकं ठेवलं. उंची आता जुळत नव्हती, थोडं वाकावं लागलं. मग डोळे पुसून खिशातलं यंत्र काढलं आणि त्या कोपऱ्यात, मांडीच्या उंचीवर धरलं. अडीच मिलीबार.

"गेला नंबर," बाबा म्हणाले. "नीट लिही."

खालून आईचा आवाज आला. "सापडली का जागा?"

"सापडली!" बाबा ओरडले. "तुझा कोपरासुद्धा सापडला!"

बैठकीत झुळूकने सगळं जसंच्या तसं मांडलं. उपग्रहवाल्याने थट्टा केली नाही, पाण्याचा पेला पुढे सरकवला. साहेब मात्र चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "उंचीचं पटलं. पण तिसरीच खिडकी, दुसरी नाही, हे कशावरून? आकडा घेणाऱ्याशिवाय दुसरं कोणी होतं तिथे?"

"मी होते, साहेब."

"तुम्ही? मग तुम्हाला आठवत असेल."

"नाही. झोपले होते."

सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला, चष्मा खाली घेतला आणि आकडा दुरुस्त करायला सांगितला.

त्या आठवड्यात तिला झोप अशी नव्हतीच. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी जेवून ती बाहेरच्या खोलीत कोचावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. कधीतरी समोरून न्हाव्याची खणखणीत हाक आली, "काय नंबर एक! आज तरी दाढी करायची का?"

तिला जाग आली. डोळे तिने उघडले नाहीत. आता बाबा काय म्हणतात, या भीतीने ती तशीच पडून राहिली. बाबांची पावलं खिडकीपर्यंत गेली. खिडकी लागली नाही.

"अरे, हळू ओरड," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "नंबर एक झोपलीय."